विज्ञान मेळाव्याला सहकुटुंब या!

(राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या पूर्वतयारीसाठी जुन्नर परिसरातील शेतकरी, महिला मंडळे व शिक्षक यांच्यापुढे केलेले भाषण)



२८ फेब्रुवारी हा आपल्या देशात राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून १९८७ पासून पाळला जातो. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ साली याच तारखेला प्रकाशाच्या विकिरणासंबंधीचा आपला शोध कलकत्त्यात जाहीर केला आणि १९३० साली त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. एवढे शाळेतल्या मुलांना पाठ असते, म्हणून मी त्यावर अधिक बोलत नाही.

आपला भाग या बाबतीत भाग्यवान आहे. आपल्या शेजारी खोडदला जगातल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक उभी आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची ही दुर्बीण प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून १९९० च्या दशकात उभारली गेली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या आहेत. त्यांतल्या १४ मध्यभागी जवळजवळ आहेत व बाकीच्या १६ तीन फाट्यांवर आहेत. नारायणगावच्या बाजाराला टोमॅटो घेऊन जाताना आपण त्या रोज पाहतो. विज्ञान दिनाला तिथे प्रदर्शन भरत आले आहे. शाळा-महाविद्यालयांतील मुले आपापले प्रयोग मांडतात आणि गावोगावचे लोक ते पाहायला जातात.

तिथे गेल्यावर बहुतेक शेतकरी एकच प्रश्न विचारतात. तबकडी पत्र्याची का नाही? तारेच्या जाळीला एवढी भोके, त्यातून लहरी निसटून जात नाहीत का? प्रश्न अगदी योग्य आहे आणि त्याचे उत्तर तुमच्या खळ्यात आहे. चाळणीच्या भोकापेक्षा दाणा मोठा असेल तर तो वर राहतो, खाली पडत नाही. ही दुर्बीण ज्या रेडिओ लहरी टिपते त्यांची लांबी वीस सेंटिमीटरपासून पुढे दोन मीटरपर्यंत आहे आणि जाळीची भोके एक-दोन सेंटिमीटरची आहेत. लहरींच्या दृष्टीने ती जाळी म्हणजे सलग पत्राच. वारा मात्र आरपार निघून जातो, त्यामुळे तबकडीवर जोर कमी येतो, सांगाडा हलका करता येतो आणि खर्च वाचतो. आपल्याकडच्या वाऱ्यात पत्र्याचे छप्पर टिकवताना काय हाल होतात हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या जाळीचे महत्त्व इंजिनिअरपेक्षा लवकर कळते.

परंतु आजचा विषय दुर्बीण नाही. सर्वांनाच खोडदला जाता येत नाही. कुणाचा कांदा काढणीला आलेला असतो, कुणाच्या घरी गाय व्यायलेली असते. म्हणून आपल्या गावात, शाळेच्या पटांगणावर, छोटा विज्ञान मेळावा भरवावा असे ठरले आहे. तो कसा भरवावा आणि त्यात घरातल्या सर्वांनी काय करावे, हे सांगण्यासाठी मी उभा आहे.

आजवर मी बरीच प्रदर्शने पाहिली आहेत. टेबलावर थर्मोकोलचा ज्वालामुखी असतो, शेजारी पवनचक्की, आणि समोर पाटी असते, 'हात लावू नये'. पाहुण्यांचे भाषण लांबते. पुरुष मंडळी पुढे उभी राहतात, बायका मुलांना कडेवर घेऊन मागून डोकावतात आणि आजी-आजोबा मंडपाच्या खांबाला टेकून बसतात. तासाभराने सगळे घरी जातात. काय पाहिले, असे विचारले तर 'छान होते' एवढेच सांगतात. असा मेळावा आपल्याला नको आहे. आपल्या मेळाव्यातून प्रत्येक कुटुंबाने एक तरी आकडा घरी न्यावा, आणि तो आकडा येत्या खरिपात उपयोगी पडावा. मुलांनी मोजावे, आईने पाहावे, आजीने सांगावे आणि बापाने लिहून ठेवावे. कामांची अदलाबदल झाली तरी हरकत नाही.

सर्वांत आधी बियाण्याचा प्रयोग सांगतो, कारण त्यात आपल्या घरचे पैसे गुंतलेले आहेत. २०२० च्या खरिपात राज्यातल्या अनेक जिल्ह्यांतून सोयाबीन उगवले नाही अशा तक्रारी फार मोठ्या संख्येने आल्या. त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, काढणीच्या वेळी पाऊस लागला होता आणि बरेचसे सोयाबीन शेतातच भिजले होते. सोयाबीनच्या दाण्याचे टरफल पातळ असते. भिजणे-वाळणे, मळणीयंत्राचा जोराचा मार, पोत्यांची उंच थप्पी आणि उन्हाळ्यातला पत्र्याच्या खोलीतला उकाडा, यांतल्या कशानेही आतला अंकुर दुखावतो. वरून दाणा पिवळाधमक दिसतो आणि जमिनीत गेल्यावर कुजतो. डोळ्यांनी पाहून हे कळत नाही. दुबार पेरणी म्हणजे बियाणे दोनदा, मजुरी दोनदा आणि हंगाम पंधरा दिवस मागे. हे सगळे टाळण्यासाठी लागते काय, तर बारदानाचा एक तुकडा आणि शंभर दाणे.

रीत अशी. पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून मूठमूठ बियाणे काढून एकत्र करावे. त्यातून न निवडता सरसकट १०० दाणे मोजावेत. इथे मुलांवर लक्ष ठेवा, ती हमखास टपोरे दाणे वेचतात. मोठी माणसेही वेचतात, पण त्यांना टोकायला कुणी नसते! बारदानाचा तुकडा पाण्यात भिजवून निथळून घ्यावा, त्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी लावाव्यात, वर दुसरा ओला तुकडा टाकून सैलसर गुंडाळी करावी आणि सावलीत ठेवावी. रोज पाणी शिंपडावे, पण पाणी साचू देऊ नये. सहा-सात दिवसांनी गुंडाळी उघडून मोजावे. मूळ आणि कोंब दोन्ही निरोगी असलेले रोपच धरावे. नुसते फुगलेले, मोडलेले, बुरशी धरलेले दाणे मोजू नयेत.

प्रयोगाला सहा दिवस लागतात आणि मेळावा तर एकच दिवस. म्हणून बियाण्याचे नमुने आधी गोळा करून २२ तारखेला गुंडाळ्या बांधायच्या आणि २८ ला सर्वांसमक्ष उघडायच्या. गुंडाळ्यांवर शेतकऱ्याचे नाव लिहायचे नाही, फक्त क्रमांक. कुणाच्या बियाण्याला बुरशी लागली हे चव्हाट्यावर येऊ नये. ज्याचा क्रमांक त्याला ठाऊक. एकदा लोकांना लाज वाटली की पुढच्या वर्षी कुणी नमुना देणार नाही, आणि ज्याचे बियाणे खराब आहे तोच पहिल्यांदा मागे सरेल.

आता आकडा हातात आला. सोयाबीनच्या बियाण्याची उगवण निदान ७० टक्के असावी, असे प्रमाण आहे. एकरी ३० किलो बियाणे आपण त्या हिशेबाने पेरतो. उगवण ६० टक्केच आली तर किती पेरावे? हे गणित पाचवी-सहावीच्या मुलांना फळ्यावर घालायचे. ३० ला ७० ने गुणले तर २१०० येतात, त्याला ६० ने भागले की ३५. म्हणजे एकरी ३५ किलो. त्रैराशिक कशाला शिकायचे, असे विचारणाऱ्या मुलाला यापेक्षा चांगले उत्तर माझ्याजवळ नाही. उगवण ६० च्याही खाली गेली तर ते बियाणे पेरण्याच्या भानगडीत पडू नये, बाजारात विकून टाकावे. आणि फेब्रुवारीत ८० टक्के आले म्हणून निश्चिंतही राहू नये. मधला उन्हाळा बियाण्याला जड जातो. मे अखेरीस हाच प्रयोग घरी पुन्हा करायचा. मेळाव्यात मुलाने एकदा हाताने केला असेल तर घरी तो करायला कुणाला बोलवावे लागत नाही.

बियाणे राखण्याचे काम आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या घरातल्या बायकांनी केले आहे. राखेत घोळणे, कडुनिंबाचा पाला घालणे, कणगी लिंपणे, मडक्याचे तोंड शेणमातीने बंद करणे, हे सर्व आजीला येते. मेळाव्यात या टेबलापाशी खुर्ची टाकून आजींना बसवावे आणि मुलांनी त्यांना विचारावे, असे का करायचे? काहींचे कारण आजी सांगतील, काहींचे शिक्षक सांगतील. काही गोष्टींना कारण सापडणार नाही. त्या वहीत लिहून ठेवाव्यात आणि दोन मडक्यांत ठेवून पाहाव्यात, एक पाला घातलेले, एक बिनपाल्याचे. किडके दाणे मोजले की झाले.

तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातल्या भात उत्पादकांसाठी याच टेबलावर आणखी एक प्रयोग ठेवता येईल, आणि तो पाच मिनिटांत होतो. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवायचे व त्यात भाताचे बियाणे ओतून ढवळायचे. पोचट, रोगट दाणे वर तरंगतात, भरलेले तळाला बसतात. तरंगणारे काढून टाकायचे आणि तळाचे बियाणे स्वच्छ पाण्याने दोनदा धुऊन सावलीत वाळवायचे. लहान मुलांना हा खेळ फार आवडतो. साध्या पाण्यात टाकून आधी दाखवा, म्हणजे मिठाने काय फरक पडला ते त्यांचे त्यांना दिसेल.

दुसरा प्रयोग मातीचा. शेताच्या बांधावरचे, जिथे नांगर कधी लागला नाही असे एक वाळलेले ढेकूळ आणतानाच शेजारच्या नांगरलेल्या रानातले तेवढेच एक ढेकूळ आणायचे. दोन काचेच्या ग्लासांत पाणी घेऊन चहाच्या गाळणीत एकेक ढेकूळ ठेवून अलगद बुडवायचे. बहुधा असे दिसते की रानातले ढेकूळ पाहता पाहता विरघळून तळाला गाळ होतो आणि बांधावरचे बराच वेळ टिकते. बांधावरच्या मातीत गवताची मुळे, कुजलेला पालापाचोळा आणि बुरशीचे बारीक धागे असतात. ते मातीचे कण धरून ठेवतात. रानातल्या मातीत सेंद्रिय पदार्थ कमी झाले की ही पकड सुटते. पहिल्या वळवाच्या सरीत जमीन का थापली जाते, वर पापडी का धरते, आणि ओढ्याचे पाणी लाल किंवा काळे का वाहते, ते या ग्लासात दिसते. प्रत्येक कुटुंबाने आपापल्या दोन ढेकळांसह यावे आणि कुणाचे ढेकूळ किती मिनिटे टिकले ते घड्याळ लावून लिहावे. शेणखत नेहमी घालणाऱ्याचे आणि न घालणाऱ्याचे आकडे शेजारी शेजारी आले की मला भाषण करावे लागणार नाही.

मुलांची एक गंमत सांगून पुढे जातो. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या कागदावर साबणाच्या किंवा चुन्याच्या पाण्याने बोट फिरवले की लाल रेघ उठते. आजीला यात नवल वाटणार नाही, कारण हळद आणि चुना यांपासून कुंकू होते हे तिला माहीत आहे. मुलांनी याची चित्रे काढावीत. मात्र या कागदाने जमिनीचा सामू तपासण्याचा प्रयत्न कुणी करू नये. त्यासाठी मातीचा नमुना प्रयोगशाळेतच पाठवावा.

किडींच्या टेबलावर एक-दोन भिंगे आणि मावा पडलेली ताजी पाने ठेवा. कोबीची, ज्वारीची, जी मिळतील ती. मावा सर्वांना ओळखता येतो. माव्यातच काळसर, नारिंगी ठिपक्यांची, मगरीच्या पिलासारखी दिसणारी एक अळी फिरत असते. तिला पाहून शंभरातले नव्वद शेतकरी नवी कीड आली म्हणून औषधाच्या दुकानात जातात. ती ढालकिड्याची, म्हणजे लेडीबर्ड बीटलची अळी. ती मावा खाऊन जगते. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला मोठा ढालकिडा लोक ओळखतात, पण त्याची अळी ओळखत नाहीत आणि तीच जास्त मारली जाते. मुलांना दहा पाने द्यावीत, प्रत्येक पानावर मावा किती, ढालकिडे व त्यांच्या अळ्या किती, हे भिंगाखाली मोजायला सांगावे आणि संध्याकाळी तेच पान पुन्हा मोजावे. मुलांची नजर तीक्ष्ण असते. घरी परतल्यावर बाप पंप उचलेल तेव्हा 'थांबा, आधी मोजू' असे म्हणणारे कुणीतरी घरात तयार होते.

पंपाचा विषय निघाला म्हणून आता ज्यासाठी मी मुख्यतः आग्रह धरला त्या प्रयोगाकडे वळतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. कपाशी डोक्याएवढी वाढली होती, फवारा अंगावर, तोंडावर येत होता. आपल्याकडे द्राक्ष, टोमॅटो, कांदा यांवर फवारण्या काही कमी होत नाहीत. अंगावर किती औषध उडते हे फवारणाऱ्याला कळत नाही, कारण ते दिसत नाही. ते दिसेल असे करायचे.

त्यासाठी कोरा, कधीही औषध न घातलेला पाठीवरचा पंप घ्यायचा. जुना पंप कितीही धुतला तरी चालणार नाही, हे मी तीनदा सांगतो. त्यात पाणी आणि खाण्याचा लाल रंग घालायचा. एका तरुणाला जुने पांढरे धोतर किंवा चादरीचा सदरा, पांढरी टोपी आणि तोंडावर पांढरे फडके बांधून मक्याच्या किंवा टोमॅटोच्या ओळीतून फवारायला लावायचे. एकदा वाऱ्याच्या विरुद्ध चालत आणि दुसऱ्यांदा, नवे पांढरे कपडे घालून, वाऱ्याकडे पाठ करून. मग त्याला सर्वांसमोर उभे करायचे आणि मुलांनी ठिपके मोजायचे. मांडीवर किती, छातीवर किती, तोंडावरच्या फडक्यावर किती. नोझल गळत असेल तर पाठ आणि कंबर लालभडक झालेली दिसेल. ओळीच्या टोकाला चार पावलांवर एक पांढरा कागद पसरून ठेवा. जेवणाची पाटी घेऊन आलेली बाई जिथे उभी राहते, ती ही जागा. त्या कागदावरही ठिपके मोजा.

यानंतर तो लाल झालेला सदरा कोण धुणार, असा प्रश्न मी मुद्दाम विचारणार आहे. उत्तर तुम्हा सर्वांना माहीत आहे. फवारणीचे कपडे घरातल्या इतर कपड्यांबरोबर, बाळाच्या दुपट्याबरोबर एकाच बादलीत भिजतात. ते वेगळे ठेवावेत, वेगळे धुवावेत आणि धुणाऱ्याने हातमोजे घालावेत. रंगाचे पाणी बाळाच्या दुपट्याला लागलेले एकदा पाहिले की हा नियम घरातली बाई स्वतः लावील. पुरुषांनी तो मोडायचा प्रयत्न केला तर मुलांनी सांगावे.

डब्यांवरचे त्रिकोण ओळखण्याचा खेळही इथेच ठेवता येतो. लाल त्रिकोण म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा त्याखालोखाल, निळा मध्यम, हिरवा त्यामानाने सौम्य. पुठ्ठ्यावर रंगवलेले त्रिकोण वापरावेत. औषधाच्या खऱ्या बाटल्या, मग त्या रिकाम्या का असेनात, मेळाव्याच्या आवारात आणू देऊ नयेत. रिकाम्या डब्यात तेल-मीठ ठेवण्याची चाल काही घरांतून अद्याप गेलेली नाही. मुलांच्या हाती ती बाटली दिली तर आपण नेमके उलटे शिकवले असे होईल. विषबाधेची शंका आली तर रुग्णाला दवाखान्यात नेताना डबा किंवा त्यावरचे लेबल सोबत न्यावे, एवढी एक ओळ मोठ्या अक्षरांत लिहून लावावी. डॉक्टरला कोणते औषध आहे ते कळले तर उपचार लवकर सुरू होतात.

पावसाचे माप हा घरोघरी नेण्याजोगा प्रयोग आहे. सरळ बाजूंची प्लॅस्टिकची बाटली वरून कापावी, कापलेला भाग उलटा करून नरसाळ्यासारखा बसवावा. तळाला खाचा असतात म्हणून थोडे खडे व पाणी घालून सपाट भागापर्यंत आणावे आणि तिथे शून्याची खूण करावी. वर मिलिमीटरची पट्टी चिकटवावी. मेळाव्यात झारीने पाऊस पाडून दाखवावा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी, म्हणजे एकरावर सुमारे चार हजार लिटर. ७५ मिलिमीटर झाला तर तीन लाख लिटर. मुले हा आकडा ऐकून बापाकडे पाहतात. पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय करू नये, असे आम्ही दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी पहिल्या सरीला तिफण बाहेर निघते. घराच्या अंगणात माप असेल आणि ते वाचणारे लेकरू असेल तर कदाचित ती दोन दिवस थांबेल.

दिवसभराचे हे सर्व झाल्यावर मंडळींनी लगेच घरी जाऊ नये. २८ फेब्रुवारीला अंधार पडल्यावर, साडेसातच्या सुमारास, पटांगणातले दिवे मालवा आणि दक्षिणेकडे तोंड करून वर पाहा. जवळजवळ डोक्यावर एका ओळीत तीन तारे आणि भोवती चार ताऱ्यांची चौकट दिसेल. ते मृग नक्षत्र. त्याच्या खाली डावीकडे लखलखणारा तो व्याध. मृगाच्या पावसाची आपण वाट पाहतो, पण मृग आकाशात दाखवा म्हटले तर पुष्कळांना सांगता येत नाही. याचे कारणही आहे. ७-८ जूनला मृग लागला असे आपण म्हणतो, तेव्हा सूर्य त्या नक्षत्रात असतो. सूर्याबरोबर उगवणारे व मावळणारे तारे दिसणार कसे? म्हणून मृगाच्या पावसात मृग कधी दिसत नाही, तो थंडीच्या अखेरीला संध्याकाळी असा डोक्यावर येतो.

रोहिणी, मृग, आर्द्रा ही नक्षत्रे म्हणजे आपल्या पूर्वजांचे शेतीचे कॅलेंडर. सूर्य कुठे आहे यावरून ऋतू ओळखण्याची ती सोय होती आणि चांगली होती. मात्र तारे पाऊस पाडत नाहीत. शिवाय पृथ्वीच्या आसाच्या संथ फिरण्यामुळे सूर्य मृगात शिरण्याची तारीख साधारण ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकते. हजार वर्षांत दोन आठवड्यांचा फरक पडतो. मृग लागला म्हणून कोरड्यात पेरायचे की बाटलीतले मिलिमीटर वाचून पेरायचे, हे घरात बसून ठरवा. आजोबांना या वेळी नक्षत्रांवरचे बोलणे सुचेल. त्यांना बोलू द्यावे, मुले फार लक्ष देऊन ऐकतात.

आता व्यवस्थेबद्दल थोडे. दुपारी बारा ते तीन महिलांना येणे जमत नाही. म्हणून मेळावा तीन वाजता सुरू करून आकाशदर्शनाने संपवावा. टेबले शाळेतल्या बाकांएवढीच उंच असावीत, नाहीतर लहान मुलांना फक्त कडा दिसते. प्रत्येक टेबलावर एक माणूस असावा, पण त्याने करून दाखवू नये, करायला द्यावे. दाणे सांडतील, पाणी सांडेल, सांडू द्यावे. पिण्याचे पाणी, सावली आणि तान्ह्या बाळांसाठी वर्गातली एक खोली मोकळी ठेवावी. उद्घाटनाचे भाषण पाच मिनिटांचे. बक्षिसे ठेवू नयेत, असे माझे मत आहे. शिक्षकांना हे पटत नाही, ते मला ठाऊक आहे. पण बक्षीस ठेवले की मुले आकडे वाढवून लिहितात. इथे खरा आकडा हवा आहे, मग तो ४० टक्के उगवणीचा का असेना.

बियाण्याचे नमुने २१ तारखेच्या संध्याकाळपर्यंत शाळेत पोचवावेत. अर्धा किलो पुरे. कापडी पिशवीतून आणावे, प्लॅस्टिकच्या नको. पोत्यातून काढताना वरचे, मधले, तळाचे असे तिन्ही ठिकाणचे घ्यावे. आत चिठ्ठी टाकून तीवर वाण, मळणी कशाने केली आणि पोती कुठे ठेवली होती एवढे लिहावे. क्रमांक शाळेत देण्यात येईल. ढेकळे मात्र २८ लाच आणावीत, वाटेत फुटू नयेत म्हणून पेंढ्यात गुंडाळून.